गुडघा बदलल्यानंतरची पहिली रात्र : बधिरतेचं इंजेक्शन, ब्लॉक, तुमचे अनुभव हवे आहेत

अबोली७२ | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. आई ६८ वर्षांची, नाशिकला असते. उजवा गुडघा मागच्या वर्षी बदलला, डावा आता २ डिसेंबरला ठरलाय. नवा गुडघा उत्तम आहे. जिना चढते, भाजी आणते, देवळात जाते. पण डाव्याचा विषय काढला की तिचे डोळे भरून येतात. ऑपरेशनला ती घाबरत नाही. त्यानंतरच्या रात्रीला घाबरते.

मागच्या वेळी कमरेतून भूल दिली होती आणि वर ‘पायात ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिलाय, काही कळणार नाही’ असं सांगितलं होतं. दुपारी दोनला वॉर्डात आणलं तेव्हा हसत होती, चहा मागितला. रात्री नऊच्या गोळीच्या वेळी गाढ झोपली होती, म्हणून मीच नर्सला म्हटलं की राहू द्या, उठवू नका. अडीच वाजता ती ओरडतच उठली. त्या मजल्यावर एकच नर्स. तिने डॉक्टरांना फोन केले, इंजेक्शन मिळालं पावणेचारला. तोवर आईने पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरून ठेवला होता. सकाळी तिचे हात पुसताना बघितलं तर दांड्याचा पांढरा रंग तिच्या नखांत अडकला होता.

ती रात्र पुन्हा नको आहे. तर प्रश्न असे: ब्लॉक दिला असूनही असं का झालं? गुडघ्यातच बधिरतेचं औषध सोडतात असं ऐकलंय, ते वेगळं का? आणि हॉस्पिटलात आधी नेमकं काय विचारून ठेवू?

मोगरा_दारचा | ४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, वाचूनच पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंचंही अगदी असंच झालं होतं, वेळ पहाटे तीनची. आम्हाला वाटलं टाके उसवले. उत्तरांची वाट बघतेय.

डॉ_कृष्णाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

मी भूलतज्ज्ञ आहे, सांगली-मिरज भागात काम करतो. अबोलीताई, आधी मनातलं एक ओझं उतरवून टाका. अडीच वाजता जे झालं त्यात ऑपरेशनचा दोष नव्हता आणि आईंची सहनशक्तीही कमी पडली नव्हती. ब्लॉक उतरला आणि त्याची जागा घ्यायला अंगात दुसरं कुठलंच औषध नव्हतं, इतकंच. नऊची गोळी नेमकी त्यासाठी होती. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं आमचं काम.

बधिरतेचं औषध (बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन) आम्ही नसेच्या अगदी शेजारी सोडतो. नसेतून दुखण्याची वर्दी पुढे जाते ती नसेतल्या बारीक दारांमधून सोडियमची ये-जा होऊन. हे औषध ती दारं बंद धरतं. गुडघ्यात कापाकापी झालेली असते, सूज वाढतच असते, फक्त मेंदूला खबर लागत नाही. औषध हळूहळू रक्तात वाहून गेलं की दारं उघडतात आणि तोवर चढलेली सूज एकदम जाणवते. कमरेतली भूल दोन-चार तासांत उतरते, पण मांडीतला ब्लॉक चालू असल्याने ते लक्षात येत नाही. एकदाच टोचलेला ब्लॉक साधारण बारा ते अठरा तास चालतो, कुणाला चोवीसही. दुपारी बाराला दिला असेल तर मध्यरात्र ते सकाळ यात कधीही उतरणार. म्हणजे पेशंट झोपेत, नातेवाईक पेंगुळलेले आणि वॉर्डात माणसं कमी.

म्हणून माझ्या पेशंटना मी एकच गोष्ट तीनदा सांगतो: दुखत नसतानाच गोळ्या सुरू करायच्या. पाय अजून जड आहे, बधीर आहे, तेव्हाच पॅरासिटॅमॉल पोटात गेलेलं हवं. मोठ्या माणसाला दर सहा तासांनी १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. मूत्रपिंडं, पोट आणि हृदय ठीक असेल तर सोबत सूज उतरवणारी गोळी. त्याउपर लागेल ते जोरदार औषध हाताशी ठेवायचं आणि त्याची ऑर्डर संध्याकाळीच फाइलवर लिहून घ्यायची, म्हणजे रात्री फोनाफोनी होत नाही. झोपेतून उठवावं लागलं तरी उठवून द्यायचं.

गुडघ्यातल्या इंजेक्शनबद्दल उद्या लिहितो, पहाटे केस आहे.

जुनासातारकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

वय ७४. माझा गुडघा २०१३ साली बदलला. मला जांघेत फिमोरल नसेचा ब्लॉक दिला होता. दुखणं शून्य. संध्याकाळी इतकं बरं वाटलं की मुलाला हाक न मारता बाथरूमला निघालो. मांडीत ताकदच नव्हती. दुसरं पाऊल टाकलं आणि पाय कापडासारखा दुमडला. नशिबाने दाराची चौकट हाताला लागली, कपाळाला तीन टाके पडले, नवा सांधा वाचला. दुखत नाही म्हणजे पाय आपल्या ताब्यात आहे असं नाही. पहिले चोवीस तास वॉकर आणि शेजारी माणूस, दोन्ही असल्याशिवाय पाय जमिनीला लावू देऊ नका.

पायवाट | ५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

काका, हे लिहिलंत फार बरं केलंत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. फिमोरल ब्लॉकनंतर मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो, म्हणून आता बहुतेक ठिकाणी मांडीच्या मधोमध, थोडा खाली ‘अ‍ॅडक्टर कॅनाल’ ब्लॉक देतात. त्यात गुडघ्याची पुढची बाजू बधिर होते आणि मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते. आमच्याकडे त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी पेशंट उभा करतो. तरीही आधी पलंगावर पाय सरळ ठेवून उचलायला लावते. टाच वर आली तरच खाली उतरवायचं.

अबोलीताई, आणखी एक. नर्स विचारते, ‘शून्य ते दहा, किती दुखतंय?’ आणि आपल्या आया म्हणतात, ‘आहे थोडं, चालायचंच.’ तिकडे बोटं चादर आवळत असतात. मी विचारते, ‘आजी, रुपयात किती आणे दुखतंय?’ त्या पिढीला हे पटकन कळतं. ‘बारा आणे’ म्हणाल्या की मी व्यायाम थांबवते आणि नर्सला बोलावते. सहा आण्यांच्या आत असेल तर व्यायाम होतो. घरून निघतानाच आईंना ही भाषा सांगून ठेवा, आणि नर्सलाही.

खान्देशी_मन | ५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

थोडं वेगळं मत. माझ्या वडिलांना कसलाही ब्लॉक दिला नाही, नेहमीची इंजेक्शनं आणि गोळ्या, तीन दिवसांत चालायला लागले. दुखणं ही शरीराची सूचना आहे. ती सारखी दाबून ठेवली तर आत काही बिघडलं तर कळणार कसं? शिवाय पैसा. सरकारने २०१७ मध्ये सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये अधिक कर. पण भूल आणि ब्लॉक देण्याच्या शुल्काला अशी मर्यादा नाही. आम्हाला ‘ब्लॉक पॅकेजच्या बाहेर’ म्हणून वेगळा आकडा सांगितला होता, म्हणूनच नको म्हटलं.

सिस्टर_रजनीगंधा | ५ नोव्हेंबर, रात्री ११.५०

खान्देशी_मन, पैशाचा मुद्दा अगदी खरा आहे. भरती होण्याआधी ‘ब्लॉक पॅकेजमध्ये आहे का’ हे लेखी विचारावं, विमा असेल तर तिथेही.

पण दुखणं सोसल्याने काही लवकर कळतं हे मला पटत नाही. बावीस वर्षं रात्रपाळ्या केल्यात. दुखणारा पेशंट खोल श्वास घेत नाही, पाऊल हलवत नाही, जेवत नाही, रक्तदाब चढतो, साखर चढते. गुडघा वाकवायचे पहिले दिवस हातचे जातात आणि मग तो आखडतो. आत काही बिघडलंय का हे आम्ही दुसऱ्या खुणांवर बघतो. पावलाचा रंग, ऊब, नाडी, बोटं हलतात का, पोटरी घट्ट किंवा सुजलेली आहे का. ब्लॉक असताना हे जास्त वेळा बघायचं, एवढाच फरक. आणि ब्लॉक व गोळ्या चालू असूनही कळा वाढतच असतील तर तेव्हाच डॉक्टरांना बोलवायचं, सकाळची वाट बघायची नाही.

घरच्यांसाठी: पाय बधिर आहे तोवर बर्फाची पिशवी थेट कातडीवर ठेवू नका, मध्ये कापड हवं, कारण त्यांना चटका कळत नाही. टाच एकाच जागी दाबून राहत नाही ना ते बघा. दंडावर किंवा पाठीवर दुखण्याचा पॅच (औषधाची चिकटपट्टी) लावला असेल तर त्याच्यावर शेक नको, उष्णतेने औषध जास्त सुटतं. पॅचमुळे मळमळ, गरगर होते. एकदोन उलट्या झाल्या म्हणून घरच्यांनी परस्पर काढून टाकू नये, आम्हाला सांगावं.

डॉ_कृष्णाकाठ | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१०

राहिलेलं लिहितो. सिस्टरनी लिहिलंय ते प्रत्येक वाक्य खरं आहे.

गुडघ्याला नसा पुढूनही येतात, मागूनही. अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक पुढची बाजू झाकतो. मागची खोबण उघडीच राहते. अनेक पेशंट म्हणतात, ‘पुढे काही नाही डॉक्टर, पण लवणीत ठणकतंय.’ त्यासाठी दोन उपाय. एक, सोनोग्राफीत बघत गुडघ्यामागची रक्तवाहिनी आणि सांध्याचं आवरण यांच्यामधल्या जागेत औषध सोडणं, याला ‘आयपॅक’ म्हणतात. दुसरा, तुम्ही ऐकलेला. सांधा उघडा असतानाच सर्जन स्वतः आवरणात, मागच्या बाजूला, स्नायूंत, कातडीखाली ठिकठिकाणी औषध टोचतात.

या दुसऱ्या पद्धतीची नीट मांडणी सिडनीच्या डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान यांनी केली. २००८ साली त्यांनी ३२५ पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला. रोपिव्हाकेन, सूज-दुखणं कमी करणारं किटोरोलॅक आणि औषध तिथेच टिकून राहावं म्हणून थोडं अ‍ॅड्रिनलिन, असं मिश्रण. हाडाचे काप झाल्यावर आणि जखम बंद करण्याआधी ते भिजवल्यासारखं सगळीकडे टोचायचं. मला ही पद्धत आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांसाठी मोलाची वाटते, कारण तिला सोनोग्राफी यंत्र लागत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद त्या त्या जागेसाठी असते. चार गावांत केसेस करणाऱ्या भूलतज्ज्ञाला स्वतःचं छोटं यंत्र पिशवीत घालून हिंडता येत नाही, मग ते नुसतं नसा शोधण्यापुरतं का असेना. अशा ठिकाणी सर्जनच्या हातातली सुई पेशंटची रात्र सोपी करते.

अर्थात हेही टोचलेलं औषधच, तेही उतरतं. बहुतेकांना पहिला दिवस बरा जातो, खरा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नसेशेजारी बारीक नळी ठेवून फुग्यासारख्या पंपातून दोन-तीन दिवस थेंब थेंब औषध देता येतं, पण नळी सरकते, गळते, बघायला माणूस लागतो.

आता धोका. ब्लॉकचं औषध आणि सांध्यातलं औषध मिळून एकच हिशेब असतो आणि तो वजनावर असतो. म्हणून वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर करून आणा. औषध जास्त झालं किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात घंटा, गरगर, आणि वाढलं तर झटके किंवा हृदयाची लय बिघडणं. हे क्वचित घडतं, आणि त्यावर शिरेतून द्यायचं २० टक्के लिपिड (चरबीचं द्रावण) असतं. पेशंटला यातलं काही जाणवलं तर ‘काहीतरी वाटतंय’ म्हणून गप्प बसू नये.

पाऊल जड राहणं काही तास चालतं. पण ब्लॉक उतरायची वेळ टळून गेली आणि पाऊल वर उचलता येत नाही, तर लगेच सांगा.

लेस्टरहून_मीनल | ७ नोव्हेंबर, पहाटे २.३०

मी इंग्लंडमध्ये असते, माझाच गुडघा गेल्या मार्चमध्ये झाला. कमरेतून भूल आणि सर्जनने सांध्यात टोचलेलं औषध, मांडीत ब्लॉक नव्हता. चार तासांनी उभी केली, दुसऱ्या दिवशी घरी. पहिली रात्र खरंच सुखाची गेली. तिसरी अशी होती की नवऱ्याला म्हटलं, परत हॉस्पिटलला ने. डॉक्टर म्हणतात तेच. सोबत दिलेलं मॉर्फिनचं पातळ औषध मी ‘सवय लागेल’ म्हणून कपाटात ठेवून दिलं होतं. फिजिओने दोन शब्द सुनावले, मग व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला लागले आणि गुडघा वाकायला लागला. आठवड्याने बंदही झालं. बद्धकोष्ठाचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून घ्या, मी घेतलं नाही आणि ते दुखणं गुडघ्याहून वाईट होतं.

एक विचारायचंय. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. साबण लावताना दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. औषधाचा परिणाम राहिला असेल का?

डॉ_कृष्णाकाठ | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.००

मीनलताई, नाही. औषध केव्हाच गेलं. गुडघ्यावर उभा छेद घेताना कातडीला संवेदना देणारी एक बारीक फांदी कापली जाते, ती टाळता येत नाही. बहुतेकांना बाहेरच्या बाजूला असा पट्टा राहतो, महिन्यांनी लहान होत जातो, कुणाचा थोडा कायम राहतो. चालण्यात बाधा नाही. गुडघे टेकताना मात्र विचित्र वाटतं.

मोगरा_दारचा | ७ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

डॉक्टर, सासूबाईंना मधुमेह आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याला ब्लॉक चालेल का?

डॉ_कृष्णाकाठ | ७ नोव्हेंबर, रात्री १०.०५

त्यांना तपासल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणार नाही. मधुमेहाने पायाला मुंग्या, आग असेल तर ब्लॉकच्या आधी सांगायचंच, नाहीतर नंतर जुनं काय आणि नवं काय हे कळत नाही. ब्लॉक लांबवायला कधी कधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने साखर दिवसभर चढलेली राहू शकते, घाबरायचं नाही, पण मोजत राहायची. रक्त पातळ करायची गोळी भूलतज्ज्ञाला पाकिटासकट दाखवा. काही गोळ्या पाठीतल्या भुलीआधी ठरावीक दिवस बंद कराव्या लागतात, काही नाही. स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

पायवाट | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

एक राहिलं. दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी सारतात. क्षणभर बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि सरळ करताना महिनाभर रडायला होतं. उशी घ्यायची तर टाचेखाली.

अबोली७२ | ८ नोव्हेंबर, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. एका कागदावर लिहून काढलंय: कोणता ब्लॉक, किती वाजता दिला, सर्जन सांध्यात टोचणार का, मागच्या बाजूसाठी काय, रात्रीच्या जोरदार औषधाची ऑर्डर कोण लिहिणार. आईला आण्यांचं सांगितलं. म्हणाली, ‘मागच्या वेळी रुपयाच्या वर होतं गं.’ हे ती वर्षभरात पहिल्यांदा बोलली.

अबोली७२ | ५ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

ऑपरेशन झालं. या वेळचे भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळी खोलीत आले, खुर्ची ओढून बसले. मी कागद पुढे केला तर त्यांनी तो वाचून त्याच कागदावर उत्तरं लिहिली. अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक, आणि सर्जन मागच्या बाजूला टोचणार. वजन ६१ किलो, काट्यावर करून नेलं होतं. ब्लॉकची वेळ सकाळी १०.२०, नर्सने ती फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिली.

दुपारी आई हसत होती, चहा मागितला. अगदी मागच्यासारखंच, आणि मला त्याचीच भीती वाटली. दोनला गोळी, आठला गोळी, दोन्ही वेळा ‘मला काही होत नाहीये, कशाला?’ मी दिली. रात्री दोनला फोनचा गजर लावला होता. ती गाढ झोपेत होती. उठवताना हात थांबला, मागच्या वर्षी मीच नको म्हटलं होतं ते आठवलं. उठवलं. अर्धवट डोळ्यांनी गोळी घेतली, पाणी हनुवटीवरून सांडलं, परत झोपली.

साडेतीनला जागी झाली. म्हणाली, ‘पाय माझा झाला.’ म्हणजे बधिरपणा गेला. चारला विचारलं तर सहा आणे. साडेचारला दहा. नर्सला बोलावलं, ऑर्डर लिहिलेली होती, सात मिनिटांत इंजेक्शन मिळालं, मी घड्याळ बघत होते. साडेपाचला पाच आणे. ऑपरेशनवेळी रक्त थांबवायला मांडीवर जिथे पट्टा आवळतात तिथे मात्र वेगळंच दुखत होतं, काळंनिळं झालंय, त्याला ब्लॉकचा उपयोग नसतो असं सांगितलं. सकाळी नऊला वॉकर घेऊन दारापर्यंत गेली.

तिसऱ्या दिवशीचा ठणका आज दुपारपासून चालू आहे, आठ-नऊ आणे. बर्फ आणि गोळ्या चालू आहेत. पण दांडा धरलेला नाही. हात पोटावर आहेत, आत्ता माळ ओढतेय.

जुनासातारकर | ५ डिसेंबर, सायंकाळी ७.४५

वाचून समाधान वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. बाथरूमला एकटं सोडू नका.

खान्देशी_मन | ५ डिसेंबर, रात्री ९.१०

आईच्या गुडघ्यासाठी गुरुवारी जळगावला दाखवायला नेतोय. अबोलीताई, तो कागद प्रश्नांसकट इथे टाकाल का? वडिलांना त्या वेळी किती दुखलं हे मी त्यांना आज विचारलं. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुला सांगून काय झालं असतं?’